सायलीची जुनी हार्डडिस्क

हे मी बायकोलाही सांगितलेलं नाही. एकदा सांगायला तोंड उघडलेलं, आणि ऐन वेळी भलतंच काहीतरी बोललो — गॅसच्या नंबराबद्दल की कशाबद्दल. तुम्हाला सांगतोय कारण तुम्ही सायलीला ओळखत नाही. ओळखत असतात तर तुमच्यासमोरही गप्पच बसलो असतो.

सायली माझी मावसबहीण. माझ्यापेक्षा बरीच लहान. ती कळव्याला, आम्ही कल्याणला, खडकपाड्याला. आमच्या नात्यात कॉम्प्युटर म्हटला की माझंच नाव निघतं. कुणाचा प्रिंटर अडला, कुणाला लॅपटॉप घ्यायचाय — निनादला विचारा. मी ठाण्याला एका कंपनीत सिस्टिम अॅडमिन आहे, म्हणजे दिवसभर लोकांचे विसरलेले पासवर्ड बदलून देतो. पण लग्नाकार्यात चार माणसं मला बाजूला घेऊन सल्ला विचारायची. ते मला आवडायचं. किती आवडायचं, हे मला उशिरा कळलं.

सायलीला गेम खेळायला मीच शिकवलं. तिचा पहिला कॉम्प्युटर मीच जोडून दिला, माझ्या जुन्या कॅबिनेटमधून आणि जुन्या ग्राफिक्स कार्डातून. सुरुवातीला ती हरायची आणि चिडायची, मी तिला चिडवायचो. मग हळूहळू ती हरेनाशी झाली. एका रविवारी मी तिला डोंबिवलीच्या एका गेमिंग कॅफेत नेलं, ऑफिसातल्या मित्रांना दाखवायला — ही बघा, माझी चेली. तिथे तिने मला सगळ्यांसमोर हरवलं. नुसतं हरवलं असतं तरी चाललं असतं. पण मी फारच मागे पडतोय हे बघून ती मुद्दाम नेम चुकवायला लागली. माझ्यासाठी. आणि एक मित्र मोठ्याने म्हणाला, "निनाद, अरे तुझी बहीण तुला सोडतेय!" सगळे हसले. मीही हसलो.

हे कारण होतं का? मला अनेकदा वाटतं, हेच कारण असतं तर बरं झालं असतं. क्षुल्लक तरी म्हणता आलं असतं.

खरी गोष्ट ही की सायली स्वतःचा गेम बनवत होती. एकटी. कॉलेज करून, शिकवण्या घेऊन, वर्षानुवर्षं. गेमचं नाव 'उतारू'. कोकणातल्या एका खाडीवर एक मुलगी होडी चालवते. लोकांना या काठावरून त्या काठावर सोडते. भरती-ओहोटी सांभाळायची, वारा बघायचा, आणि होडीत बसलेला प्रत्येक उतारू काहीतरी बोलतो ते ऐकायचं. बस. मारामारी नाही, बंदुका नाहीत. मी पहिल्यांदा पाहिला तेव्हा म्हणालो, "छान आहे गं, पण कोण खेळणार हे?" असं म्हणालो खरा, पण होडीची फेरी संपेपर्यंत स्क्रीनसमोरून उठलो नव्हतो.

त्यात एक म्हातारा नावाडी होता. त्याचा आवाज काकांचा — सायलीच्या बाबांचा. काका म्हणजे कारखान्यातून निवृत्त झालेला कडक माणूस. गेम हा शब्द ते शिवीसारखा उच्चारायचे. पण त्यांचे वडील खरंच होडी चालवायचे. सायलीने कसंबसं त्यांना माइकसमोर बसवलं, आणि मग ते थांबेचनात. वडील कसे ओरडायचे, पाण्याला काय म्हणायचे, कुणाला फुकट सोडायचे, सगळं. मावशी सांगते, इतकं बोललेले त्यांना तिने लग्नानंतर कधी ऐकलं नव्हतं.

आणि मी? मलाही एकेकाळी गेम बनवायचा होता. नाव ठरलेलं. सुरुवातीचा मेन्यू बनवलेला — खेळा, सेटिंग, बाहेर पडा. 'खेळा' दाबलं की काही व्हायचं नाही, कारण पुढे काही नव्हतंच. तो मेन्यू अजून कुठेतरी असेल.

तर, पुण्यातल्या एका गेम बनवणाऱ्या स्टुडिओने सायलीचा छोटा व्हिडिओ पाहिला आणि तिला बोलावलं. खेळता येईल असा गेम घेऊन या, आम्ही बसून खेळू, म्हणाले. तिचा कॉम्प्युटर तोवर रडकुंडीला आलेला. प्रोजेक्ट उघडायला घातला की चहा करून, पिऊन, कप धुऊन यावं. जुनी फिरती हार्डडिस्क होती ना — हजारो बारीक फायली शोधता शोधता तिचा जीव जायचा. एसएसडी, म्हणजे आत काही न फिरणारा, वेगवान ड्राइव्ह, घालणं भागच होतं.

तिने स्वतः अभ्यास केलेला. मला फोन करून म्हणाली, "दादा, मी हे मॉडेल बघितलंय. बोर्डावर बसतंय, वॉरंटी चांगली आहे, लोक चांगलं बोलतायत. घेऊ ना?" तिची निवड अगदी बरोबर होती. मला एवढंच म्हणायचं होतं — घे.

मी म्हणालो, "नको गं, ते फार तापतं. तुझ्या कॅबिनेटमध्ये हवा कुठे खेळते? दुसरं सांगतो."

आणि मी दुसरं सांगितलं. ते मॉडेल मी स्वतः वापरलेलं. एका सकाळी माझ्या कॉम्प्युटरला ते दिसेनासंच झालं, आतल्या सगळ्यासकट. कंपनीने वॉरंटीत बदलून दिलं, तर दुसरंही मोठी फाइल कॉपी करताना धापा टाकायला लागलं. इंटरनेटवर लोकांनी त्याच्या नावाने बोटं मोडलेली. हे सगळं मला माहीत होतं. मग का सांगितलं? त्या वेळी मी स्वतःला म्हणालो की एवढंही काही वाईट नाही, सगळ्यांचं थोडंच बिघडतं. खरं म्हणजे मला तिचा कॉम्प्युटर माझ्यापेक्षा थोडा हळू हवा होता. थोडासाच. असं कुणाला वाटू शकतं, यावर तुमचा विश्वास बसतो का? माझा बसतो.

ठाण्याहून तो ड्राइव्ह मीच आणला, कळव्याला जाऊन मीच बसवला. सगळं त्यावर कॉपी केलं. ती म्हणाली, जुनी डिस्क राहू दे ना आत, बॅकअपला. मी म्हणालो, "अगं, खरखर करतेय, आज ना उद्या जाणारच. मला दे, मी नीट पुसून ऑफिसच्या भंगारात टाकतो." तिने दिली. ती माझं ऐकायची.

मी ती भंगारात टाकली नाही. घरी आणून बाहेरच्या डबीत घातली आणि माझ्या कॉम्प्युटरला जोडली. मला 'उतारू' उघडून आत बघायचं होतं — कसं केलंय, कुठे कच्चं आहे. कुठेतरी कच्चं असेलच, असं वाटत होतं. फायली उघडत गेलो. स्वच्छ, सुटसुटीत, प्रत्येक गोष्टीला कळेल असं नाव. काकांच्या आवाजाचा फोल्डर होता, 'बाबा' नावाचा. मी डिस्क काढून ठेवली नाही. तशीच जोडलेली राहू दिली.

काही महिन्यांनी, पुण्याला जायच्या आदल्या आठवड्यात, सायलीचा एसएसडी गेला. माझा गेला होता तसाच, एका सकाळी. ऑनलाइन तिने ठेवलेला बॅकअप फार जुना होता, फुकटची जागा भरली आणि पुढचं चढलंच नव्हतं. हे मला तिने दुपारी फोनवर सांगितलं. रडत नव्हती. फार भराभर बोलत होती.

"दादा, ती जुनी हार्डडिस्क आहे ना रे तुझ्याकडे? त्यात सगळं आहे. नंतर मी फक्त रंगबिंग नीट केलेत, ते मी परत करीन. तेवढी दे."

डिस्क माझ्या पुढ्यात होती. चालू. तिचा बारीक दिवा लुकलुकत होता. मी "आहे" म्हणालो असतो, तर संध्याकाळी कळव्याला पोचवली असती आणि ती पुढच्या आठवड्यात पुण्याला गेली असती.

मी म्हणालो, "अगं, ती तर मी कधीच फॉरमॅट केली."

ती म्हणाली, "हो रे. पुसायलाच दिलेली. तुझी काय चूक." — माझी समजूत काढली तिने.

फोन ठेवला आणि मला पहिली भीती ही वाटली की ती डिस्क बघायला मागेल. म्हणून मी माझं बोलणं खरं करायला बसलो. साधं फॉरमॅट केलं तर डेटा परत काढता येतो, हे माझ्या धंद्यातलं पहिलं ज्ञान. मी साधं केलं नाही. आम्ही ऑफिसात करतो तसं, प्रत्येक जागी शून्य लिहीत जाणारं पुसणं सुरू केलं. ते हळू चालतं. पट्टी मुंगीच्या पावलांनी सरकत होती. बायकोने जेवायला हाक मारली, मी जाऊन जेवलो. आमटी छान झालीय असंही म्हणालो.

जेवून आलो तेव्हा पट्टी अर्ध्यावरही नव्हती. आणि सायलीचा पुन्हा फोन. "दादा, फॉरमॅट झालेल्या डिस्कवरूनही काढता येतं म्हणतात. तू एकदा बघशील?"

मी म्हणालो, "बघतो."

थांबवायचं बटण समोर होतं. अर्ध्याहून जास्त डिस्क अजून शाबूत होती. काकांचा आवाज कदाचित शाबूत होता. माझा हात माऊसवर होता, हे मला पक्कं आठवतं. मी तो उचलून मांडीवर ठेवला. मग शेवटपर्यंत बघत बसलो.

दुसऱ्या दिवशी ठाण्याला, डेटा परत काढून देणाऱ्यांकडे गेलो — मी, सायली आणि काका. दोन्ही घेऊन, तिचा मेलेला एसएसडी आणि मी पुसलेली डिस्क. एसएसडीचं काही होणार नाही, असं काउंटरवरच्या बाईंनी लगेच सांगितलं. डिस्क आत नेली, तासाभराने बाहेर आल्या. म्हणाल्या, "यात काहीच नाही. मुद्दाम पूर्ण पुसलेली आहे."

काकांनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हणालो, "ऑफिसची पद्धत आहे, काका. सिक्युरिटीसाठी. मला काय माहीत असं होईल."

काकांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. "तू कशाला मनाला लावून घेतोस? तू कालपासून धावतोयस तिच्यासाठी."

सायली फुटपाथवर उभी राहून पुण्याला मेल लिहीत होती. एक शब्द अडला म्हणून मला विचारलं. मी सांगितला.

पुण्याचे लोक चांगले होते. तयार झालं की या, म्हणाले. तिने पुन्हा सुरुवात केली. खाडी परत बनवली, होडी बनवली. मग काकांना माइकसमोर बसवलं. ते बसले, पण बोलता येईना. मागच्या वेळी काय म्हणालो होतो, तेच आठवायला बघत होते आणि दर वाक्याला अडखळत होते. शेवटी म्हणाले, "जाऊ दे गं. झालं ते एकदाच." नंतर सायलीने ते दुसऱ्या कुणाकडून करून घेतलं नाही. पुढचंही केलं नाही.

आता ती एका विमा कंपनीत लोकांच्या तक्रारी ऐकते. मागच्या वर्षी लग्न झालं, डोंबिवलीत असते. लग्नात तिच्या सासरच्यांशी माझी ओळख करून देताना म्हणाली, "हा निनाददादा. माझा सगळा डेटा गेलेला ना, तेव्हा हाच एकटा माझ्यासोबत होता." तिच्या सासूबाईंनी माझं कौतुक केलं. मला त्या क्षणी खाली बघावंसं वाटलं असेल, असं तुम्हाला वाटेल. मी त्यांच्याकडे बघून हसलो. हसणं जमतं. वर्षानुवर्षं जमत आलंय.

तिचं आयुष्य मी बरबाद केलं, असं मी म्हणणार नाही. त्यात मला पुन्हा मोठेपणा मिळेल. ती ठीक आहे. तिने केलेली एक गोष्ट मात्र आता जगात नाही, आणि ती आपोआप गेलेली नाही. मी घालवली. ड्राइव्ह निवडताना हेवा होता असं म्हणता येईल. पण त्या दुपारी, जेवून उठल्यावर? पोट भरलेलं होतं, डोकं शांत होतं, घाई नव्हती. तेव्हा जो खुर्चीत बसलेला, तो मीच.

गेल्या महिन्यात कळव्याला गेलेलो, मावशीकडे. काका आता फार थकलेत. टीव्हीचा आवाज बारीक करून मला जवळ बोलावलं. म्हणाले, "निनाद, ती डिस्क मी टाकलेली नाही हां. कपाटात आहे. हल्ली नवीन नवीन निघतं ना रे काहीतरी? माझ्या बापाच्या हाका होत्या त्यात. मला आता त्या नीट आठवत नाहीत. निघेल का त्यातून?"

मी म्हणालो, "नाही काका. आता कशानेच नाही."

त्यांनी मान हलवली. मग आत वळून म्हणाले, "अगं, निनादसाठी चहा टाक."

मी चहा घेतला. मावशीने आग्रह केला तेव्हा पोहेही घेतले.