लघवी अडली त्या दिवशी

बनशंकरीतल्या आमच्या घराचं लोखंडी गेट मी स्वतः वेल्डिंग करून बसवलंय. पीण्याच्या औद्योगिक वसाहतीतल्या कारखान्यांत फिटर म्हणून उभी हयात गेली, त्यामुळे घरचं लोखंडाचं काम बाहेरच्याकडून करून घ्यायचं म्हणजे मला कमीपणा वाटतो. गेटची किल्ली खिशात ठेवा असं सून रोज सांगायची, आणि मी रोज ती खुंटीवरच ठेवून दूध आणायला जायचो. माझ्या हातचं गेट, ते मला काय अडवणार?

त्या सकाळी मुलगा कामासाठी परगावी होता आणि सून नातीला बालवाडीत सोडायला गेली होती. मी दूध घेऊन आलो तर गेटला कुलूप. थोडा थांबलो असतो तर ती आली असती. पण स्वतःच्या दारात उभं राहून सुनेची वाट बघायची? चढलो. एक पाय पलीकडे टाकला आणि अलीकडचा घसरला. गेटच्या वरच्या पट्टीवर, दोन्हीकडे पाय लोंबकळत, धाडकन बसलो. दुधाची पिशवी मात्र फुटू दिली नाही.

तिथं लागलं की काय होतं ते पुरुषांना सांगायला नको. कारखान्यात कुणाला तिथं पाना लागला की तो वाकून नाचायचा आणि बाकीचे हसायचे. थोड्या वेळानं तोही हसायचा. तिथलं लागणं हा थट्टेचा विषय, डॉक्टरचा नव्हे, असंच आम्ही सगळे धरून चाललो. मीही भिंतीला टेकून हसायला बघितलं. जमलं नाही.

आत येऊन बघतो तर लेंग्यावर रक्त. थेंबच होता, पण कुठून आला ते कळत होतं. सून यायच्या आत लेंगा धुऊन वाळत घातला. मग लघवीला गेलो. लागली होती, पण होत नव्हती.

आता माझं डोकं बघा. लघवी होत नाही म्हणजे अंगात उष्णता, पोटात भरपूर पाणी गेलं की आपोआप मोकळी होईल, असा मी हिशेब मांडला. सून आल्यावर तिला जव उकळायला लावले. "ऊन बाधलंय," एवढंच सांगितलं. तांब्याभर जवाचं पाणी प्यायलो. मग कोपऱ्यावर जाऊन शहाळं प्यायलो, त्यावर आणखी एक. शहाळीवाल्यानं "अज्जा, कूतकोळ्ळी," बसा, म्हणून स्टूल पुढं केलं. बसवेना. उभ्यानंच प्यायलो आणि घरी आलो. दुपारपर्यंत ओटीपोट दगडासारखं झालं.

सून घरूनच कॉम्प्युटरवर नोकरी करते. तिनं पान वाढलं आणि मी खुर्ची धरून उभाच.

"बाबा, जेवायला बसत काहून नाही?" ती नागपूरची आहे. रागावली की तिचं 'काहून' बाहेर येतं.

"भूक नाही."

"आणि तो लेंगा कोणी धुतला?"

"मी. का, हात नाहीत मला?"

"हात आहेत जी. पण आजवर कधी दिसले नव्हते."

एरवी मी दोन शब्द सुनावले असते. तेव्हा कपाळावरचा घाम पुसत राहिलो. ती जवळ आली, माझ्याकडे नीट बघितलं, आणि नातीला झोपवायच्या आधी ज्या सुरात विचारते त्याच सुरात म्हणाली, "बाबा, शू झाली का?"

सत्तरी ओलांडलेल्या माणसाला हे विचारणं! पण दुसरा कुठलाही शब्द आला असता तर मी ओरडून तिला गप्प केलं असतं. या शब्दावर काही ओरडता येईना.

"नाही," म्हणालो. "सकाळपासून नाही. गेटवरून पडलो. रक्तही आलं."

ती किंचाळली नाही, की उपदेश केला नाही. नातीला शेजारच्या अक्कांकडे दिलं आणि रिक्षा बोलावली. रिक्षात मी बसलो नाही, आडवा पडून गेलो.

दवाखान्यातला डॉक्टर तरुण होता, अर्धं कन्नड, अर्धं हिंदी बोलणारा. किती पाणी प्यालो ते ऐकून त्यानं कपाळाला हात लावला. त्यानं सांगायच्या आधीच मला कळलं. पुढचा व्हॉल्व्ह बंद असताना मी पंप चालू ठेवला होता! हे मी शिकाऊ पोरालाही करू दिलं नसतं. औषध घालून एक्स-रे काढले. लघवीची नळी आतून फाटली होती. अशा वेळी खालून जबरदस्तीनं रबरी नळी घालायची नसते, म्हणून ओटीपोटाला छोटं भोक पाडून तिथूनच नळी पिशवीत सोडली. बाजूची पिशवी भरू लागली तसा मला श्वास आला.

"रात्रीपर्यंत थांबलो असतो तर?" मी विचारलं.

"आतल्या आत मूत्र झिरपलं असतं अज्जा. मग जिवावरची गोष्ट."

साधा मार असेल, तासाभरात कळ उतरली, सूज नाही, तर घरी पडून राहावं, थंड फडकं ठेवावं, असं तो म्हणाला. पण रक्त दिसलं, लघवी अडली, सूज किंवा काळंनिळं वाढत चाललं, कळ उतरेना, उलटी झाली, नंतर ताप आला, यातलं काहीही झालं तर लगेच यायचं. तरुण पोरांची अंडाची गोळी आत पिळवटली तर काही तासांतच ती हातची जाते, आणि पोरं लाजून घरी बसतात, असंही म्हणाला. म्हाताऱ्यांचं त्यानं काही काढलं नाही. माणूस भला.

पुढचे काही आठवडे ती पिशवी माझ्याबरोबर होती. मीच रिकामी करायचो. एकदा कंबर धरली, वाकवेना, तर सून आली. कानात ऑफिसचं यंत्र, तोंडानं कुणाला तरी इंग्रजीत झाडतेय, आणि हातात माझी पिशवी. मी तोंड भिंतीकडे केलं. तिचं इंग्रजी एकदाही अडखळलं नाही.

पुढं ऑपरेशन झालं, नळी निघाली. तरी वाट पुन्हा आवळू शकते, धार बारीक झाली तर थांबू नका, असं डॉक्टरनं बजावलं होतं. परवा सकाळी धार बारीक वाटली. संध्याकाळपर्यंत बघू, असं मनात आलंच, खोटं कशाला बोलू. मग सरळ तिच्या टेबलाशी जाऊन उभा राहिलो. कॉम्प्युटरवर चार-पाच तोंडं दिसत होती.

"धार बारीक झालीय," मी म्हणालो. मोठ्यानंच म्हणालो.

तिनं एक बटण दाबलं आणि उठली. "चला बाबा."

आमच्यात घरच्या माणसाचे आभार मानत नाहीत. म्हणून इथं लिहून ठेवतो.