अंगाला दवाखान्याचा वास

लॉकडाऊनमध्ये गाड्या बंद, म्हणून गंगापूरला माहेरी जाता आलं नाय आन् माझं पहिलं बाळंतपण हर्सूलला सासरीच झालं. घरात नवरा, मी, महिन्याचं लेकरू आन् सासू. सासूला मी आत्या म्हणते.

मी लई भ्यायले होते. मोबाईलवर काय काय यायचं, निम्मं कळायचं नाय, कळायचं त्यानं आणखी धडकी भरायची. मी भाजी धुतली, दाराची कडी धुतली, गुळाची ढेपबी साबणाच्या पाण्यात बुडवली. आत्यांनी पातेल्यात बघितलं.

"ह्याचा चहा करू का ह्यात धुणं भिजवू?"

आत्या दाराशी बादली ठेवायच्या, पाय धुतल्याबिगर कुणाला आत घेत नव्हत्या. आपलं जुनं लुगडं फाडून त्यांनी लेकराचे लंगोट केले, उकळून उन्हात वाळवायच्या. मला ते जुनेर नको वाटायचं. मी डायपर मागवायचे आन् फेकायचे, कचऱ्याची पिशवी लेकरापेक्षा जड.

लेकराला घ्यायच्या आधी मी हाताला सॅनिटायझर लावायचे, मग कोपरापर्यंत, मग वाटलं लेकराचं तोंड लागतं तिथंच जास्ती पाहिजे, म्हणून गळ्याला, छातीलाबी चोळलं.

त्या दिवशी सकाळपासून लेकरू दूधच पिईना. जवळ घेतलं की तोंड फिरवायचं आन् किंचाळायचं.

"आत्या, ह्याची चव गेली वो. कोरोना झाला ह्याला."

आत्यांनी लेकराच्या कपाळाला हात लावला. ताप नव्हता. मग माझ्याजवळ नाक आणलं आन् झटकन मागं सरकल्या.

"त्याची चव कुठं गेली? तुझ्या अंगाला दवाखान्याचा वास यायलाय. त्याला वाटायलंय सुईवाली बाई आली."

"पण आत्या, ते जंतू..."

"हात धू की साबणानं, कोण नको म्हणतंय? अंगाला कशाला फासायलीस? ऊठ, न्हाऊन घे."

डाळीचं पीठ लावून न्हाले. आत्यांनी उन्हात वाळलेली आपली मऊ साडी दिली. भीत भीत लेकराला जवळ घेतलं. त्यानं नाक घासलं, जरा थांबलं, आन् असं धरलं की मला कळच आली. मी रडायला लागले.

"त्याच्यावर नको रडू, दूध खारट लागंल त्याला," आत्या म्हणल्या.

तेवढ्यात नवरा शहागंजच्या बाजारातनं आला, हातात सॅनिटायझरचा मोठा कॅन. "लई मुश्किलीनं भेटला बघ."

"तो तिथंच ठेव, दार पुसायला होईल. पाय धू आधी."

एक पाय बादलीत घालून त्यानं इचारलं, "झालं काय पण?"

"लेकरू जेवायलंय," आत्या म्हणल्या. "हळू बोल."