सब ठीक है, सर

"एज्युकेशन इन माय कंट्री इज व्हेरी गुड, सर," ज्योत्स्ना म्हणाली, आणि मी कपाळावर हात मारून घेतला.

मॉक टेस्ट चालली होती. म्हणजे खऱ्या परीक्षेची रंगीत तालीम. परदेशात शिकायला किंवा नोकरीला जायचं तर इंग्रजीची एक परीक्षा द्यावी लागते. तिच्या बोलण्याच्या भागाला स्पीकिंग म्हणतात. समोर परीक्षक बसतो, प्रश्न विचारतो आणि नऊपैकी गुण देतो. त्या गुणांना बँड म्हणायचं. बुऱ्हाणपूरच्या एका क्लासमध्ये मी याच परीक्षेची तयारी करून घेते.

ज्योत्स्ना जसोंडीची. खकनारच्या पुढे एका लहानशा गावात सरकारी प्राथमिक शाळेत अतिथी शिक्षक. म्हणजे दरवर्षी नव्याने नेमणूक, आणि ती होईल की नाही हे वरच्यालाच ठाऊक. तिला परदेशात बालशिक्षणाच्या कोर्सला जागा मिळाली होती. अट एकच, स्पीकिंगला सात बँड. दोनदा ती साडेपाचावर अडकली होती. आता कॉलेजने कळवलं होतं की ही शेवटची मुदत, यानंतर जागा दुसऱ्याला.

मॉक टेस्टला परीक्षक म्हणून आमच्या क्लासचे मालक बसायचे. वयाने माझ्यापेक्षा लहान, पण सगळं गाव त्यांना भैया म्हणतं म्हणून मीही म्हणते. टेस्टपुरता ते कोट घालतात. कोट काढून ते माझ्याकडे आले.

"मॅडम, हिची व्होकॅबुलरी कम पडून राहिली. अजून एक शीट देऊन टाका."

"भैया, शीट देऊन देऊन प्रिंटर दमला."

"मग एज्युकेशनची नवीन छापू. हाय बँडवाले वर्ड्स."

या परीक्षेत ठरावीक विषय फिरून फिरून येतात. आरोग्य, पर्यावरण, शिक्षण. प्रत्येक विषयाचे शब्द वेगळे जमवायचे, त्याला टॉपिक व्होकॅबुलरी म्हणतात. शिक्षणाची शीट ज्योत्स्नाला तोंडपाठ होती. होलिस्टिक, करिक्युलम, इन्फ्रास्ट्रक्चर, सगळं. पण प्रत्येक शब्द ती कौतुकाला वापरायची. करिक्युलम छान, इन्फ्रास्ट्रक्चर छान, सगळं छान. दोन वाक्यांत उत्तर संपायचं. छान आहे म्हटल्यावर पुढे बोलणार काय? मला तर चीड यायला लागली होती. जी बाई रोज शाळेत उभी राहते तिला शाळेबद्दल बोलता येऊ नये?

खाली चहा प्यायला गेलो. तिथे बाईंची गाडी सुटली.

"मॅडम, पाच वर्ग आणि मी एकटी. पहिलीला अ आ देते तोपर्यंत पाचवी खिडकीतून बाहेर. कापूस वेचायला लागले की अर्धी पोरं गायब. परत येतात तर मागचं सब भूल गये. त्यात जेवण बनवणारी बाई नाही आली तर खिचडी पण मीच बघू का?"

"मग हे का नाही सांगितलंस वर?"

ती माझ्याकडे बघतच राहिली. "मॅडम, ते साहेब राहतात ना! साहेबाला असं सांगतात का? अफसर के अगाडी और घोडे के पिछाडी, जायचंच नाही. इन्स्पेक्शन आलं की मोठ्या शाळेचे हेडसर येऊन एकच शिकवतात. काही पण विचारलं तर, सब ठीक है, सर. एका वर्षी मी पाण्याच्या टाकीचं बोलली होती. साहेब गेले, टाकी तशीच राहिली, नोटीस मला आली."

माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. पोरगी शब्दांना अडत नव्हती. कोट घातलेला माणूस दिसला की ती परीक्षा देत नव्हती, इन्स्पेक्शन देत होती.

मी शीट बाजूला ठेवली आणि तिची एकेक तक्रार घेतली. एकाच खोलीत अनेक वर्ग शिकवणं, मल्टिग्रेड टीचिंग. अभ्यासात मागे पडणं, फॉल बिहाइंड. शाळेत माणसंच कमी असणं, अंडरस्टाफ्ड. नुसती घोकंपट्टी, रोट लर्निंग. ज्यांच्या घरात आधी कोणी शाळेत गेलंच नाही ती मुलं, फर्स्ट जनरेशन लर्नर्स. हा शब्द ऐकून ती हरखली. "हे तर माझा पूर्ण वर्ग आहे," म्हणाली. एकदा सांगितलेला शब्द तिला पुन्हा सांगावा लागला नाही. माझ्यापुढे ती धडाधड बोलायला लागली.

मग भैयांनी कोट घातला. "एज्युकेशन इज व्हेरी गुड, सर."

आता मात्र मला खराखुरा साहेब हवा होता. तो माझ्या घरातच होता. माझे सासरे, मी त्यांना मामा म्हणते, शिक्षण खात्यातून अधिकारी म्हणून निवृत्त झालेत. खुर्ची सुटली, साहेबी नाही सुटली. आजही जैनाबादच्या घरात भाजी आली की ते आधी तपासतात, मग आत जाऊ देतात. मी विचारलं, "मामा, एकीची तोंडी परीक्षा घ्याल?" दुसऱ्या दिवशी ते इस्त्रीचा सफारी घालून, काखेत रिकामी फाइल घेऊन हजर.

त्यांना पाहताच ज्योत्स्ना ताडकन उभी राहिली. चेहरा पांढराफटक.

मामांनी कार्डावरचा प्रश्न वाचला. गावाकडच्या शाळांपुढे कोणत्या अडचणी आहेत?

"नो प्रॉब्लेम, सर."

"व्हेरी गुड!" मामा खूश. मी कपाळाकडे हात नेलाच होता, तेवढ्यात मामांना राहवलं नाही. कार्ड सोडून ते स्वतःचंच सांगू लागले. "इन माय टाइम, फुल अटेंडन्स इन एव्हरी स्कूल!"

ज्योत्स्नाने मान खाली घातली. अगदी हळू म्हणाली, "ऑन पेपर, सर."

"व्हॉट?"

"ऑन पेपर फुल, सर. इन कॉटन सीझन हाफ माय क्लास इज इन द फील्ड. दे मिस वीक्स. दे फॉल बिहाइंड, अँड देन दे ड्रॉप आउट."

"कोणी सांगितलं तुम्हाला? माझ्या तालुक्यात..."

"मामा, इंग्रजीत," मी म्हटलं.

"टीचर्स!" मामा गरजले. "टीचर्स वेअर अॅब्सेंट! दॅट इज द प्रॉब्लेम!"

आणि पोरीने मान वर केली. "सर, आय अॅम वन टीचर फॉर फाइव्ह क्लासेस. इफ आय हॅव फीवर, द स्कूल इज क्लोज्ड. दॅट इज नॉट अॅब्सेंट टीचर, सर. दॅट इज अंडरस्टाफ्ड स्कूल."

त्यानंतर ती थांबलीच नाही. मल्टिग्रेड आलं, रोट लर्निंग आलं, फर्स्ट जनरेशन लर्नर्स आले, सगळे आपापल्या जागी. मामा आकडे सांगत होते, ज्योत्स्ना मुलांबद्दल सांगत होती. भैया दारात उभे राहून ऐकत होते आणि मी मनातल्या मनात शिट्ट्या मारत होते.

शेवटी मामांनी चष्मा काढला. मराठीत म्हणाले, "मॅडम, मी कधी तुमच्या शाळेत आलो असतो तर..."

"आले होते तुम्ही, सर. दोनदा. आम्ही सब ठीक है म्हणालो, तुम्ही शेरा लिहिला, उत्तम."

मामांनी रिकामी फाइल उघडली आणि खिशातून पेन काढलं. मग म्हणाले, "उद्या परत बसू. अजून सांगा."

परीक्षेच्या दिवसापर्यंत ते रोज आले, रोज भांडले आणि रोज हरले. परीक्षा इंदूरला झाली. बाहेर पडल्या पडल्या तिचा फोन आला.

"मॅडम, त्यांनी विचारलं, तुमच्याकडच्या शाळांत काय बदलायला पाहिजे? मी म्हटलं, सर, हाऊ मच टाइम डू यू हॅव?"

साडेसात बँड आले. मी क्लासमध्ये सगळ्यांसमोर रडले, आणि मला त्याची काही लाज वाटली नाही. मामांनी स्वतः जाऊन दराबा, ही इथली खास मिठाई, आणला आणि अख्ख्या गल्लीत वाटला. जणू पेपर त्यांनीच लिहिला होता. भैयांनी बॅनर लावला, ज्योत्स्नाचा फोटो आणि खाली मोठ्या अक्षरांत, आमच्या व्होकॅबुलरी शीटची कमाल. मी काही बोलले नाही. मालक तेही साहेबच.

आता नवी बॅच आली की मी पहिल्या दिवशी शीट वाटत नाही. विचारते, तुझ्या शाळेत काय वाईट होतं? जो सांगायला लागतो त्याला शब्द पुरवत जाते. जो म्हणतो, काही नाही मॅडम, सब ठीक था, त्याला मामांसमोर बसवते.