लेकीचे पैसे आणि देशाचं चालू खातं

"चालू खात्यावर व्याज नसतं बाळा, पण पैशाची ये-जा कितीही करता येते," असं माझे वडील, आण्णा, फार पूर्वी म्हणाले होते. पिंपळगावला त्यांचं द्राक्षांच्या खोक्यांचं दुकान होतं.

आज माझ्या बेदाण्याच्या धंद्यासाठी मी नाशिकच्या बँकेत तसंच खातं उघडलं. आनंदात लेकीला फोन केला. ती जर्मनीत नर्स आहे.

"आई, देशाचंही चालू खातं असतं," ती म्हणाली. "तुझे बेदाणे परदेशात विकले की जमा, बाहेरून तेल घेतलं की वजा. मी तुला पैसे पाठवते ना, तेही जमेतच."

"म्हणजे तू गेलीस, ते देशाच्या फायद्याचं?"

"मग! सत्कार कर माझा."

"आणि दोन वर्षं तू घरी नाहीस, ते कुठे वजा करतात?"

"ते धरत नाहीत गं." ती हसली.

तेव्हापासून मी गोंधळलेय. तिच्याच पैशातून माझा धंदा उभा राहिला. मग मला नफा झाला की तोटा? तुमची मुलं बाहेर असतील, तर तुम्ही काय धरता?

राणी, तू हे वाचशीलच. या महिन्यात पैसे पाठवू नकोस. त्यातून तिकीट काढ आणि ये. सुट्टी नाही म्हणशील, माहीत आहे. तरी ये.