टोपीवाल्या मावशी

बियाणं केंद्रात सगळे त्यांना टोपीवाल्या मावशी म्हणत. गव्हाच्या ओंबीतले पुंकेसर चिमट्याने काढायचे, तिच्यावर दुसऱ्या रोपाचे परागकण झटकायचे आणि वरून कागदी टोपी चढवायची, हा त्यांचा उद्योग. परागकण मात्र साधेसुधे नव्हते. गव्हाचा राय नावाच्या त्याच्या रांगड्या चुलतभावाशी संकर करायचा, मग त्या संकराच्या परागकणांवर किरण सोडून आतली गुणसूत्रं मोडायची. रायचा एखादा कामाचा तुकडा गव्हाला चिकटला, तर तांबेरा रोगाला दाद न देणारं पीक मिळायचं. बहुतेक वेळा नन्नाचा पाढाच असे.

मावशींना त्याचं काही वाटत नसे. गप्पांचा पट्टा सोडून त्या टोप्या घालत राहायच्या. पण नात झाली आणि घरात भलतंच त्रांगडं उभं राहिलं. किरणांच्या कामावरून आलेल्या सासूच्या हातात तान्ही पोर द्यायला सून धजेना. "आई, लांबूनच बघा हं," असं म्हणून ती त्यांना दारातच थोपवायची. मावशी हसून वेळ मारून न्यायच्या आणि स्वयंपाकघरात उगाच भांडी आपटायच्या. जीव तुटायचा त्यांचा.

शेवटी त्यांनी फर्मान काढलं, "चल, माझं काम बघ. मग काय ते ठरव."

सून पोरीला घेऊन आली खरी, पण मावशींनीच घोळ घातला. उत्साहाच्या भरात तिला थेट किरण दिलेल्या पिढीच्या वाफ्यापाशी नेलं. खुरटलेली रोपं, वाकड्या, पोकळ ओंब्या. सून पांढरीफटक पडली.

"अगं, किरण परागकणांना देतात, मला नाही! तेही बंद खोलीत. दिवा विझला की उजेड मागे राहतो का?"

पुढच्या वाफ्यावर, कोणतं रोप टिकतं ते बघायला, मुद्दाम तांबेरा फवारलेला. पानोपानी नारिंगी भुकटी. हातांनी रोपं बाजूला सारत मावशी चालल्या होत्या, त्या एकदम थबकल्या. एक रोप हिरवंगार. डाग म्हणून नाही.

"हे माझ्या टोपीतलं गं!" त्यांचा आवाज चिरकला.

"यालाही किरण दिले होते?"

"याच्या आजोबाला. मोडून जोडलंय ते."

त्या पान इतक्या हळुवार चाचपत होत्या, की सून बघतच राहिली. मग तिने पोर पुढे केली.

मावशी झटकन मागे सरल्या. "थांब, हात तांबेऱ्याने बरबटलेत. धुऊन येते."

"माणसाला लागतो का तो?"

"छे!"

"मग घ्या की आई. किती दिवस लांबून बघणार?"

नातीच्या पांढऱ्या टोपीवर नारिंगी बोटं उमटली. मावशींना रडू आवरेना.