निर्यातीच्या पेट्या

अठ्ठ्याण्णव साली मी रत्नागिरीच्या एमआयडीसीतल्या एका छोट्या कारखान्यात चाचणी इंजिनिअर म्हणून लागले. आम्ही रासायनिक कारखान्यांसाठी तापमान नियंत्रक बनवायचो. चपलांच्या खोक्याएवढी पेटी, टाकीचं तापमान पाहून वाफेचा व्हॉल्व्ह उघडणारी आणि बंद करणारी. पेटी हात लावणाऱ्याला शॉक देत नाही एवढं तपासलं की माझं काम संपलं, असं मालकांचं मत होतं.

माझं तसं नव्हतं. शेजारी मोठी मोटर चालू-बंद झाली की तारांमधून विजेचे बारीक झटके धावतात, आणि पेटीला ते सोसता आले पाहिजेत. ते तपासण्याचं यंत्र आमच्याकडे नव्हतं. म्हणून मी एक जुना कॉन्टॅक्टर, म्हणजे मोटरची वीज जोडणारा-तोडणारा स्विच, सतत कडकडत राहील असा जोडला आणि त्याची वायर पेटीच्या वायरीला बांधली. थोड्याच वेळात पेटी भांबावली. आकडे गेले, ती आपोआप पुन्हा सुरू झाली आणि सुरू होता होता तिने व्हॉल्व्ह सताड उघडला.

मी मालकांना बोलावून दाखवलं.

"उपाय काय?" त्यांनी विचारलं.

"झटके अडवायला लाइनवर फिल्टर. आणि सुरू होताना व्हॉल्व्ह बंदच राहील असा सर्किटमध्ये बदल."

"हा खडखडाट तुम्ही मुद्दाम केलात, मॅडम. गिऱ्हाईक कशाला करेल?"

"लोट्याच्या रासायनिक कारखान्यांत दिवसभर हेच चालतं, साहेब."

"त्यांनी मागितलाय का फिल्टर?"

पुढे युरोपातली एक ऑर्डर आली. त्यांना प्रयोगशाळेचा दाखला हवा होता. मग मी सांगितलेलं सगळं पेटीत बसलं. पुण्याच्या प्रयोगशाळेत पेटी पहिल्याच फेरीत पास झाली, मालकांनी पेढे वाटले. आता सगळा माल असाच जाणार असं मी धरून चालले होते. पण स्टोअरमधून फिल्टर आणि नवी सर्किटं निघायची ती फक्त निर्यातीच्या पेट्यांसाठी. मी विचारायला गेले तर मालक म्हणाले, "तिकडे कायदा आहे. इकडे कोण विचारतंय?"

त्या उन्हाळ्यात लोट्याच्या एका कारखान्यात टाकी उतू गेली आणि ऑपरेटरचे दोन्ही हात कोपरापर्यंत भाजले. पेटी आमची होती. आमचे सेल्स इंजिनिअर आणि मी तिकडे गेलो. टाकी रिकामी होती, वाफ बंद होती. मी सगळ्यांसमोर शेजारचा पंप चालू-बंद करायला लावला. पेटीचे आकडे गेले आणि व्हॉल्व्ह उघडल्याचा खटका सगळ्यांनी ऐकला.

"अर्थिंग," सेल्स इंजिनिअर म्हणाले. "इथे सगळा कातळ. उन्हात अर्थिंगचा खड्डा सुकला की आमची पेटी काय करणार?"

तिथल्या मॅनेजरना अर्थिंगचा दोष नको होता, आम्हाला पेटीचा. चहा येईपर्यंत दोघांच्या सोयीचं कारण सापडलं. ऑपरेटरने व्हॉल्व्ह हाताने उघडला असणार.

सरकारी चौकशीच्या अधिकाऱ्यांनाही मी सगळं सांगितलं, माझी कारखान्यातली चाचणीसुद्धा. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "तुमचा तो कॉन्टॅक्टर प्रमाणित आहे का?" नव्हता. पुढचं त्यांनी ऐकलंच नाही.

परत येताना मी चिपळूणला दवाखान्यात उतरले. ऑपरेटरची बायको त्याला चमच्याने पेज भरवत होती.

"मी हात पन लावलेला नाय हो, ताई," तो म्हणाला.

"मला माहीत आहे."

"मग तसा सांगितलात?"

"सांगितलं."

"मग?"

बायकोने पेजेचं भांडं खाली ठेवलं. दोघं माझ्याकडे बघत राहिली.

त्याची नोकरी गेली. मी माझी सोडली आणि पॉलिटेक्निकमध्ये शिकवू लागले. मालकांना निर्यातीचं बक्षीस मिळालं, तेव्हाच्या भाषणात ते गुणवत्तेवर बराच वेळ बोलले. समोर पॉलिटेक्निकच्या शिक्षकांमध्ये मला पाहून म्हणाले, "या मॅडमनी आम्हाला शिस्त लावली." लोकांनी टाळ्या वाजवल्या.

काही वर्षांनी गुहागरच्या एसटी स्टँडवर तो ऑपरेटर दिसला. कुणाच्या तरी सुपारीच्या बागेत राखणीला होता. बोटं मिटत नव्हती, पिशवी कोपरात अडकवलेली. त्यानेच मला ओळखलं.

"बरा हाय ना, ताई?"

"बरं आहे," मी म्हणाले. माझी गाडी लागली होती, त्याचीही तीच. तो बाजूला सरकला आणि त्याने मला आधी चढू दिलं.