शिशाखालचा पंजा

रुक्नेत्तिन उस्ताद माझा लहानपणापासूनचा मित्र. जन्मभर त्याने इस्तंबूलच्या मशिदींवर शिशाचे पत्रे चढवले. मी टेकडीवरच्या सुलतानाच्या मशिदीचा राखणदार, किल्ल्या माझ्याकडे. पण आमच्या मोठ्या घुमटावर चढायचं म्हटलं की हा निमित्तं काढायचा. गुडघे, वारा, बायकोचं दुखणं. मी त्याला तोंडावर भित्रा म्हणायचो.

या वसंतात घुमटाच्या आतून, सोनेरी अक्षरांच्या कडेला ओलीचा डाग उठला. दुरुस्तीवरच्या इंजिनियर नेवीन हानम म्हणाल्या, वरचे पत्रे उघडायचे. ते ऐकून उस्ताद माझ्या खोलीत आला आणि चहाला हातही लावेना.

"फिक्री, तो डाग माझा आहे."

"का? वर जाऊन थुंकला होतास?"

तो हसला नाही, सगळं सांगू लागला.

घुमटाच्या विटांवर आधी भुसा घातलेल्या चिखलाचा थर देतात आणि त्यावर शिसं. थर ओला असताना कारागीर त्यात आपला पंजा उमटवतो. पंज्याच्या कडा नखाने मोडेनाशा झाल्या, की मगच पत्रा चढवायचा. ओल आत कोंडली तर शिसं खालून पांढरं पडत जातं आणि झिजून फुटतं. बावन्न वर्षांपूर्वी, एकोणीस वर्षांच्या रुक्नेत्तिनने याच घुमटावर पहिल्यांदा स्वतःचा पंजा उमटवला. समुद्रावरून ढग आले, वडील जुम्म्याच्या नमाजाला खाली गेलेले, आणि याने ओल्या चिखलावरच पत्रा ठोकला.

"बाबांनी विचारलं, वाळला होता ना? मी म्हटलं, हो. मरताना त्यांचा हात माझ्या हातात होता फिक्री, तरी माझं तोंड उघडलं नाही."

"मग आता उघड. त्या बाईंना सांग."

"सांगतो. पण वर, त्या पत्र्यापाशीच."

दुसऱ्या दिवशी सकाळी भिंतीतल्या अंधाऱ्या जिन्याने आम्ही दोघे, नेवीन हानम आणि गडी वर चढलो. मी हजारदा वर गेलोय, तरी दरवेळी छाती दडपते. खाली अर्धे घुमट, त्यांच्या खाली धाकटे घुमट, मोठ्याचा भार एकेकाने झेलत जमिनीपर्यंत नेलेला. बांधणाऱ्यांच्या हाडांची माती झाली, आणि हा डोंगर अजून पोकळीवर उभा आहे! उन्हात शिसं फुगत होतं, दुमडलेले सांधे कुरकुरत होते. सांधे झाळून जोडत नाहीत, नुसते एकमेकांत दुमडतात. उन्हाने फुगलेल्या शिशाला हलायला जागा लागते. अशा वास्तूला आपल्या हाताने इजा झाली, हे ओझं घेऊन माणूस बावन्न वर्षं कसा जगला असेल?

"हाच," तो म्हणाला. "दक्षिणेकडच्या खिडकीपासून चौथा. बाई, हा मी ओल्यावर ठोकलाय. चूक माझी, माझ्या वडिलांची नाही. कागदावर तसंच लिहा."

नेवीन हानमनी गड्यांना खूण केली. गड्यांनी सांधा उकलला, पत्रा उचलला.

खालून शिसं स्वच्छ होतं. चिखल कोरडा, विटेसारखा टणक. आणि त्यात पंजा होता, पण रुंद, आणि त्याची तर्जनी अर्धीच.

त्याच्या वडिलांची तर्जनी पत्र्याच्या कात्रीत गेली होती. अख्ख्या मोहल्ल्याला ठाऊक होतं.

उस्ताद गुडघ्यांची पर्वा न करता खाली बसला. "बाबांनी उघडला होता," तो म्हणाला. "माझा चिखल खरवडून नवा घातला. वाळेपर्यंत थांबले. आणि मला एका शब्दाने... फिक्री, त्या आठवड्यात मला रोज रंग आणायला पार बंदरापलीकडे पाठवत होते. मी चिडायचो रे!"

मी त्याला भित्रा म्हणायचो, याची मला लाज वाटली.

गळती दोन पत्रे वर निघाली. वीज उतरवायच्या तारेसाठी कुणीतरी खिळा ठोकला होता. तिथे नवा चिखल घातला, उस्तादाने पंजा उमटवला. तिसऱ्या दिवशी दुपारी समुद्रावर ढग जमले.

"उस्ताद, पत्रा टाकू का?" गडी ओरडला. "भिजेल सगळं!"

उस्तादाने कडेवर नख दाबलं. कड मोडली.

"ताडपत्री आण," तो म्हणाला. "फिक्री, तू ते टोक धर."

पाऊस आला. एकाहत्तर वर्षांचे आम्ही दोघे म्हातारे सुलतानाच्या घुमटावर ताडपत्री धरून भिजत उभे राहिलो. चिखल कोरडा राहिला.